धारपांवरचा जुना खटला

नारायण धारपांचं नाव निघालं की मराठी वाचकांच्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्यासारख्या घडतात. कुणीतरी सांगतं, की ‘लुचाई’ अर्धी वाचून मिटली, पालथी घातली आणि मुकाट्याने आईच्या खोलीत जाऊन झोपलो. त्यावर दुसरं कुणीतरी ओठ मुडपून म्हणतं, ‘पण ते सगळं स्टीफन किंगचंच ना?’ थोडं हसणं होतं, चहा येतो आणि विषय मिटतो. निकाल लागलेला असतो. आरोपीचं लेखन मात्र कुणी उघडूनही बघितलेलं नसतं.

मला या निकालाविरुद्ध बोलायचंय, पुराव्याविरुद्ध नव्हे. पुरावा खराच आहे. ‘लुचाई’चा सांगाडा किंगच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’चा आहे, ‘शपथ’ ही १९८६ च्या ‘इट’वर उभी आहे आणि ‘आजी’ ही कथा किंगच्या ‘ग्रामा’वरून आलेली आहे. दोन्हीकडची पुस्तकं शेजारी ठेवली तर शाळकरी पोरालाही कळेल. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. एवढं सिद्ध झालं म्हणजे धारप लेखक म्हणून बाद, हे कुठल्या कलमाखाली?

एक गोष्ट आधीच मोकळी करतो. जिथे मूळ लेखकाचं नाव छापलेलं नाही, तिथे ते छापायला हवं होतं. त्या काळी कुणी छापत नसे, परदेशी हक्क विकत घेण्याची ऐपत मराठी प्रकाशकात नव्हती, वाचकालाही त्याची पडलेली नव्हती, ही सगळी कारणं खरी आहेत. तरी ती कारणंच आहेत, सफाई नव्हे. देणं हे देणं. पण वाण्याकडे उधारी थकलीय म्हणून त्या घरात स्वयंपाक येत नाही, असं कुणी म्हणत नाही. धारपांच्या बाबतीत आपण नेमकं तेच म्हणत आलो. ऋणनिर्देशाची चूक दाखवायची आणि तेवढ्या बळावर लेखणीच नाकारायची. दोन निराळे दावे एकाच अर्जात घुसडलेले आहेत.

आता ज्याच्या मालावर डल्ला मारला असं म्हणतात त्या किंगच्या घरात डोकावू. किंग तेव्हा शाळेत शिकवत होता आणि वर्गात ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ शिकवत होता. घरी जेवताना गप्पा निघाल्या, की हा ड्रॅक्युला आज अमेरिकेत उतरला तर? न्यूयॉर्कला आला तर एखादी टॅक्सीच त्याला उडवेल, अशी चेष्टाही झाली. मग त्याला मेन राज्यातल्या एका आडगावी नेऊन सोडलं तर काय होईल, यातून ‘सालेम्स लॉट’ झाली. हे किंगने स्वतःच सांगितलंय, आणि सांगताना त्याला कसला संकोच वाटल्याचं दिसत नाही. जुन्या वाड्यात मुक्कामाला आलेला परका, त्याची पेटी पोचवणारे हमाल, एकेक करून पांढरी पडत जाणारी माणसं, आणि त्याच्यामागे लागलेला जाणत्या-अजाणत्यांचा छोटा जथा, हे सारं स्टोकरचं आहे. आणि स्टोकरच्याही आधी १८१९ मध्ये पॉलिडोरी आणि १८७२ मध्ये ल फानू रक्तपिपाशांच्या कथा लिहून गेले होते.

मधली एक कडी तर कोर्टापर्यंत गेलेली आहे. १९२२ साली जर्मनीत मुर्नाऊ या दिग्दर्शकाने ‘नोस्फेराटू’ काढला. हक्क घेतले नव्हते. ड्रॅक्युलाचं नाव ऑर्लोक केलं, लंडनचं जर्मन शहर केलं, बाकी कथा तीच. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि जिंकली. सगळ्या प्रती नष्ट करा, असा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून तो चित्रपट आज आपल्याला बघता येतो. आता गंमत बघा. रक्तपिपासू उन्हात जळून मरतो, हा नियम आज पोरासोरांनाही ठाऊक आहे. तो स्टोकरच्या पुस्तकात नाही. स्टोकरचा ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर उभा राहून एका बाईकडे टक लावून बघत असतो. उन्हाने मरणं ही त्या चोरट्या चित्रपटाची देणगी. ती पुढे सगळ्यांनी घेतली, किंगनेही घेतली. आणि १९७९ मध्ये ‘सालेम्स लॉट’ टीव्हीवर आली, तेव्हा तिच्यातल्या रक्तपिपासू बार्लोला टक्कल, लांब नखं आणि उंदरासारखे दात देऊन हुबेहूब ऑर्लोक करण्यात आलं. किंगच्या कादंबरीतला बार्लो तसा नाही. म्हणजे कोर्टाने जाळायला सांगितलेली नक्कल पन्नासेक वर्षांनी मूळ घराण्याच्या वारसाच्या तोंडावर जाऊन बसली. या व्यवहारात अस्सल कोण आणि नक्कल कोण, हे ज्याला छातीठोक सांगता येईल त्याने धारपांचा निकाल खुशाल लावावा.

‘आजी’चा प्रवास तर याहून लांबचा. ‘ग्रामा’ ही कथा साधी आहे. आई मोठ्या मुलाचा पाय मोडला म्हणून इस्पितळात गेलेली. धाकटा जॉर्ज अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी घरात एकटा. आजी झोपलीय. ती उठली तर काय, एवढ्यावर सगळी कथा चालते. ही आजी तरुणपणी कसली तरी पुस्तकं बाळगून होती, त्यांतून कुणाला तरी हाका मारत होती, आणि त्या हाकांत एक नाव आहे, हास्टर. हे नाव किंगचं नाही. ते त्याने भयकथाकार लव्हक्राफ्ट आणि त्याच्या चेल्यांच्या गोतावळ्यातून उचललं. लव्हक्राफ्टने ते रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५ मधल्या पुस्तकातून घेतलं होतं. चेंबर्सने अँब्रोज बिअर्सकडून. आणि बिअर्सच्या कथेत हास्टर कोण? मेंढपाळांचा एक कनवाळू देव! मेंढरं राखणारा देव शंभरएक वर्षांत चार-पाच हातांतून फिरत फिरत सैतान होऊन बसला आणि वाटेत एकानेही दुसऱ्याकडे परवानगी मागितली नाही. किंगची ही कथा धारपांनी मराठीत आणली. धारपांच्या कथेने पछाडलेल्या राही अनिल बर्वेने पुढे ‘तुंबाड’ केला, त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलं, आणि २०१८ मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा प्रारंभीचा चित्रपट ठरला. भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते, आणि पोरगं साखळदंडातल्या म्हातारीपाशी एकटं उरतं. त्या वाड्यात जो पुरलेला आहे त्याचं नाव हस्तर. पाऊस कोकणातला, वाडा कोकणातला, लोभ पेशवाईनंतरच्या भुकेल्या ब्राह्मणी घराचा, आणि नाव अमेरिकेतून आलेलं.

या माळेतून एकच मणी उपटून, ‘हा तेवढा चोर’, असं म्हणायचं असेल तर आधी माळ कुणाची ते ठरवा.

यावर हटकून येणारं उत्तर मला माहीत आहे. ‘तिकडचं तिकडे, आपल्या साहित्याची परंपरा वेगळी.’ कुठली वेगळी? आगरकरांचं ‘विकारविलसित’ हे शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’, १८८३ चं. देवलांचा ‘झुंझारराव’ म्हणजे ‘ऑथेल्लो’, आणि त्यांचा ‘संशयकल्लोळ’, ज्याच्यावर आपण शंभर वर्षं पोट धरून हसतोय, तो मोलिएरचा. तोही थेट नव्हे, मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराच्या हातून आलेला. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीवर बेतलेली. त्याच रेनॉल्ड्सवर गो. ना. दातारांनी मराठी कादंबरीची पिढीच्या पिढी पोसली. पु. लं.चा ‘अंमलदार’ गोगोलचा आणि ‘ती फुलराणी’ शॉची. इतकंच कशाला, १९९३ च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू हा अमेरिकन भयपटातल्या चकी बाहुल्याचा सख्खा भाऊ आहे, आणि महाराष्ट्रात त्याच्यावर कुणी खटला भरल्याचं ऐकिवात नाही. उलट रामदास पाध्यांनी त्या बाहुल्याला जो जीव दिला, त्याचं कौतुक आपण अजून करतो आणि करायलाच हवं.

देवल-पु. लं.नी मूळ सांगितलं होतं, धारपांनी नाही, हा फरक मी वर कबूल केलाच आहे. पण नीट बघितलं तर आपला राग त्या फरकाचा नाही. रूपांतर विनोदाचं असलं की आपण त्याला मराठी मातीत रुजवलं म्हणतो. शोकांतिकेचं असलं की प्रतिभेचा आविष्कार म्हणतो. भीतीचं असलं की उचलेगिरी. आणि देवाणघेवाण एकतर्फीही नव्हे. आपली वेताळपंचविशी रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये हवी ती भर घालून, हवं ते गाळून इंग्रजीत नेली आणि तिच्या वेताळाला थेट रक्तपिपाशांच्या कुळात बसवलं. त्याबद्दल त्या वेताळकथा सांगणाऱ्या सोमदेवाच्या वतीने कुणी नोटीस धाडलेली नाही.

परंपरेचे दाखले पुरे. कारागिरीकडे येऊ, कारण खरा वाद तिथे आहे आणि तिथे जायला कुणी तयार नसतं. समजा, तुमच्या हातात ‘सालेम्स लॉट’ आहे आणि ती तुम्हाला महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात घडवायचीय. पहिल्याच दिवशी अडाल. त्या कादंबरीतलं मेलेलं माणूस पुरलेलं असतं, म्हणून रात्री ते उठून येऊ शकतं. आपल्याकडे सकाळी गेलेल्या माणसाची दुपारपर्यंत राख झालेली असते; तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा होतात आणि नदीत जातात. उठून यायला देहच शिल्लक नाही. किंगचा अख्खा धाक दफनावर उभा आहे. दुसरी अडचण उंबऱ्याची. तो प्राणी बोलावल्याशिवाय घरात शिरू शकत नाही, हा जुना नियम. मेनमधलं घर दार लावून बसलेलं असतं, म्हणून तिथे दारावरची थाप, खिडकीवरचं नख, ‘आत घे ना’ ही आर्जवं अंगावर येतात. मराठी गावात दार दिवसभर सताड उघडं, आणि ओळखीचा असो-नसो, येणाऱ्याला ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हटलं नाही तर गावात नाव जाईल. आमंत्रण ही आपल्याकडे दुर्मीळ वस्तूच नाही. तिची भीती कशी घालणार? तिसरं म्हणजे गावाचं गाव हळूहळू मरतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, हे किंगला साधतं, कारण तिथली माणसं आपापल्या गाडीतून आपापल्या घरी जातात आणि पडदे ओढून घेतात. आपल्याकडे एखादी बाई दोन सकाळी पाणवठ्यावर दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी चौकशीला चारजणी दारात. आणि क्रूस? पाद्री? पवित्र पाणी? तिथे काय ठेवायचं?

या प्रत्येक जागी मराठी लेखकाला काहीतरी नवं घडवावं लागतं, नाहीतर पान पुढे सरकत नाही. अनुवादकाला या अडचणी येत नाहीत. तो मेन मेनमध्येच ठेवतो. रूपांतर करणाऱ्याला मात्र भीतीचं मूळ कारण सोडून नवं कारण शोधावं लागतं. ‘लुचाई’ वाचताना ज्याला घाम फुटला, त्याला मेन राज्यातल्या खेड्याचा फुटला नव्हता. त्याला आपल्या आजोळच्या वाड्यातल्या बंद माजघराचा फुटला होता. ते माजघर किंगने दिलेलं नाही.

‘आजी’त तर हे आणखी कठीण. अमेरिकन घरात खाटेवर पडून राहिलेली म्हातारी हा मुळातच अवघडलेला विषय आहे. तिला संस्थेत ठेवायचं की घरी, यावर भावंडं भांडतात, आणि किंगच्या स्वतःच्या आईने आपल्या आईबापांची शेवटची वर्षं डरॅमच्या घरी काढली, तेव्हा हा मुलगा अकराच्या आसपास होता. तिथे म्हातारपणाची भीती तयारच होती. मराठी पोराला आजी म्हणजे उलट: तिच्या कुशीत शिरल्यावर भीती जाते. आईने मारलं तर पळत जायची जागा. तीच कूस नको झाली तर? धारपांनी भीतीची दिशाच उलटी केलीय, आणि म्हणून पोराचं एकटेपण इथे मूळ कथेहून जास्त जाचतं. हे माझं मत आहे. ते कुणाला पटू नये असंही होईल. पण मतभेद व्हायला आधी दोन्ही कथा वाचाव्या लागतात.

‘भुतं हवी होती तर आपल्याकडे काय कमी होती?’ हाही एक लाडका सवाल. कमी नव्हतीच. मुंजा आहे, हडळ आहे, खवीस, समंध, गिऱ्हा, तळकोकणात आणि गोव्यात देवचार आहे. पण यांतल्या जवळजवळ प्रत्येकाशी आपला व्यवहार ठरलेला आहे. मुंजाचा पिंपळ कुठला ते गावाला माहीत असतं, तिन्हीसांजेला तिकडून जायचं नाही एवढं पाळलं की झालं. समंध ठेव राखतो. देवचार तर गावाची वेस राखणारा. त्याला त्याची रोट, त्याची वस्तू वेळेवर पोचवली की तो रात्री चुकल्या माणसाला घरापर्यंत सोडतो म्हणतात. नारळ, कोंबडा, दहीभात, अंगारा, प्रत्येक दुखण्यावर उतारा आहे. ही भुतं म्हणजे शेजारी आहेत, थोडे त्रासदायक. त्यांच्यावर गोष्ट होते, कादंबरीभर पुरणारी दहशत होत नाही. ज्याला काय हवंय ते कळत नाही, जे नैवेद्याने टळत नाही, असं काहीतरी मराठी घरात आणायचं असेल तर ते बाहेरूनच आणावं लागणार होतं. धारपांना हे दिसलं. इतरांना दिसलं असेल, पण त्यांनी ते लिहिलं नाही.

आता मुद्दा प्रतिष्ठेचा. २००३ साली अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनने किंगला अमेरिकन साहित्यातल्या योगदानाबद्दल मानचिन्ह दिलं, तेव्हा हॅरॉल्ड ब्लूम हा तिथला बडा समीक्षक भडकला. दोन पैशांच्या भयंकर कथा लिहिणाऱ्याला मान देऊन आपण सांस्कृतिक घसरणीचा नवा तळ गाठला, असा त्याचा सूर होता. त्याच समारंभात कादंबरीचं पारितोषिक घेणाऱ्या शर्ली हॅझर्डनेही किंगच्या भाषणाला तिथल्या तिथे टोला दिला. म्हणजे हा सोवळ्याचा प्रश्न फक्त सदाशिव पेठेचा नाही, एवढं तरी समाधान. पण ब्लूमने निदान किंग वाचून मग झोडला. वाक्य कुठे फसतं, हे सांगण्याची त्याची तयारी होती. आपल्याकडे धारपांवर तेवढीही मेहनत झाली नाही. त्यांच्या वाक्यावर, संवादावर, प्रसंग रचण्याच्या रीतीवर कुणी चार पानं खर्च केल्याचं मला तरी दिसलं नाही. सारी समीक्षा मुखपृष्ठ पाहून आटोपते. तीही बाजारू चित्राचं मुखपृष्ठ.

आणि ही सोवळी मोठी सोयीची आहेत. जी. ए. कुलकर्णींची ‘स्वामी’ आठवा. एका वाटसरूला आर्जवं करून मठात नेतात, खाऊपिऊ घालतात, आणि मग जमिनीखालच्या खोलीत कायमचं कोंडून टाकतात. हवेची एक वाट तेवढी उघडी. त्या खोलीचं दार बंद झाल्याचं वाचकाला जेव्हा कळतं, तेव्हा पोटात जे होतं त्याला भीती हेच नाव आहे. पण त्या कथेला भयकथा म्हणून बघा, लोक अंगावर येतील. ती अस्तित्वाविषयीची, नियतीविषयीची. असेलही, मी जीएंचा भक्तच आहे. मला एवढंच म्हणायचंय, की भीती जेव्हा आवडते तेव्हा आपण तिचं नाव बदलतो आणि मग म्हणतो, भीतीच्या नावाखाली चांगलं काही लिहिलंच जात नाही. रत्नाकर मतकरींना नाटकांच्या पुण्याईवर गूढकथेसाठी आत घेतलं गेलं. धारपांपाशी तसला दुसरा दाखला नव्हता.

लेखकाच्या मनाबद्दलही अशीच एक समजूत आहे: असलं लिहिणारा आतून कुठेतरी बिघडलेला असणार. किंग चार वर्षांचा असताना त्याच्या खेळगड्याला आगगाडीने चिरडलं, अशी घरची आठवण आहे. मग झालं, त्याचं सगळं लेखन त्या रुळांवर आणून ठेवणारे अभ्यासक निघाले. किंग म्हणतो, मला त्यातलं काहीच आठवत नाही. त्याला जे आठवतं ते वेगळं आहे. तो दोन वर्षांचा असताना सोडून गेलेल्या बापाची, मावशीच्या माळ्यावर सापडलेली स्वस्त भयकथांची खोकी. भिंतीवरचा एक खिळा, ज्याला नापसंतीची पत्रं टोचत टोचत तो खिळाच वाकला आणि मग जाड खिळा ठोकावा लागला. फिरत्या घराच्या कपडे धुवायच्या कोंदट खोलीत, बायकोच्या टाइपरायटरवर लिहिलेली ‘कॅरी’ची पहिली पानं, ती त्याने कचऱ्यात टाकली आणि बायकोनेच, टॅबिथाने, बाहेर काढली. त्या पुस्तकाचा पहिला मोबदला अडीच हजार डॉलर, आणि मग स्वस्त आवृत्तीचे हक्क चार लाखांना गेले, अर्धे त्याचे. दारूने आणि अमली पदार्थांनी पुढे त्याला गाठलं हे खरं, पण त्याचं लेखन त्यातून आलं असं तो स्वतः मानत नाही. ‘कूजो’ लिहिल्याचं आपल्याला धड आठवतसुद्धा नाही, हे तो अभिमानाने नव्हे, खंतावून सांगतो.

आणि धारप? १९२५ चा जन्म, रसायनातली बी.एस्सी. (टेक्). रीतसर शिकलेला, प्रयोगशाळा पाहिलेला माणूस. २००८ मध्ये गेले तोवर शंभराच्या घरातली पुस्तकं, त्यांत विज्ञानकथाही बऱ्याच. त्यांच्या गोष्टींत विपरीत काही घडलं की पात्रं आधी निरीक्षण करतात, कारणं तपासतात, एकेक शक्यता खोडतात, आणि मग उरलेल्या एकीला घाबरतात. ही शिस्त पछाडलेल्या माणसाची नव्हे. हे लेखन त्यांनी ज्या बाजारात केलं तोही बघा. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघायची, तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे फिरती वाचनालयं. वाचनालयाला जाड पुस्तक परवडत नसे; पातळ, पटकन परत येणारं, आठवड्यात चार घरं फिरणारं पुस्तक हवं असे. खाकी कव्हर, पाठीवर शाईने नंबर, कोपरे तेलकट, आणि शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, ‘रात्री वाचू नये’. ‘इट’ हजाराच्या वर पानांची, आणि ती लिहायला किंगने कित्येक वर्षं घेतली. तेवढी फुरसत दोन लाख डॉलरांच्या धनादेशातून येते. धारपांना तीच गोष्ट वाचनालयाच्या मापात बसवायची होती. घाईच्या खुणा त्यांच्या पानोपानी आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही.

धारप अंधश्रद्धा पसरवतात, हा आरोप मी फार वेळ घोळवणार नाही. ज्या पुण्यात धारप लिहीत होते त्याच पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला. त्यांची आयुष्यभराची लढाई बाबा-बुवांशी होती, कादंबऱ्यांशी नव्हे. ‘हे खरं आहे, पैसे ठेव’ म्हणणारा बुवा आणि ‘ही गोष्ट आहे’ असं मुखपृष्ठावरच सांगणारा लेखक यांना एकाच पिंजऱ्यात उभं करणाऱ्याने जादूटोणाविरोधी कायदा एकदा वाचावा. त्यात शिक्षा फसवणुकीला आहे.

तरीही धारपांविरुद्ध एक खरा आरोप आहे, आणि तो कुणी करत नाही याचंच मला नवल वाटतं. तो आरोप म्हणजे समर्थ, त्यांच्या एका मालिकेचा नायक. त्या मालिकेतला अप्पा अडचणीत आला, घरात काहीतरी शिरलं, माणसं मरायला लागली, वाचक पांघरूण ओढून बसला, आणि मग समर्थ आले. शांत, तेजस्वी, सर्वज्ञ. मंत्र झाला, मनोबल लागलं, अमंगळ हटलं. समर्थ दारात उभे राहिले त्या क्षणी भीती मागच्या दाराने निघून जाते, कारण ते हरणार नाहीत हे आपल्याला पहिल्याच पुस्तकापासून माहीत असतं. जी गोष्ट नैवेद्याने टळत नाही अशी धारपांनी इतक्या कष्टाने मराठीत आणली, तिच्यावर त्यांनी स्वतःच समर्थ हा उतारा शोधून काढला. किंगच्या ‘सालेम्स लॉट’मध्ये पाद्रीचा विश्वास डगमगतो आणि क्रूस हातात असूनही विझतो, ते पान मराठीत यायला समर्थाला एकदा तरी डळमळावं लागलं असतं. तो डळमळत नाही. समर्थमालिका मला म्हणूनच धारपांच्या लेखनाचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात दुबळा भाग वाटते, आणि जिथे सोडवायला कुणीच येत नाही, पोराला आणि म्हातारीला एका खोलीत ठेवून लेखक निघून जातो, तिथे ते थोर होतात.

गंमत अशी, की समर्थ त्यांना किंगकडून मिळालेला नाही. तो अस्सल त्यांचा, अस्सल आपला. चोरीच्या आरोपाची मांडणीच इथे उलटी होते: उसना माल चोख निघाला, घरचा तेवढा कच्चा. ज्यांना धारप नकोच असतील त्यांनी खुशाल नको म्हणावं, पण कारण देताना समर्थाचं नाव घ्यावं. किंगचं पुढे करू नये. आणि नव्या आवृत्त्या आता निघतच आहेत, तर ‘लुचाई’, ‘शपथ’ आणि ‘आजी’च्या पहिल्या पानावर मूळ पुस्तकाचं नाव एका ओळीत छापून टाकावं. त्यासाठी लागणारी शाई फारशी महाग नाही.